तीन होड्या

समुद्रावरच्या सफरींची पुस्तकं वाचायचा मला जुना नाद आहे, हे आमच्या घरच्या मंडळींना माहीत आहेच. मला पोहता येत नाही, बोट लागते, तरीही नाद आहे. गेले काही दिवस कॅप्टन जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीबद्दल मिळेल ते वाचत होते. परवा ह्यांनी विचारलं, "संपला का तुझा कुक?" म्हटलं, "संपला. जहाजाची होडी चोरीला गेली, त्यात संपला." हे म्हणाले, "एका होडीपायी?"

हो, एका होडीपायी. शाळेत आपण शिकवतो की कुकला हवाई बेटांवरच्या लोकांनी मारलं. एका ओळीत विषय संपतो. तो का मेला, त्या सकाळी किनाऱ्यावर कशाला गेला होता, हे क्रमिक पुस्तकात नसतं. मग मी आणखी शोधलं, तेव्हा लक्षात आलं की त्याच महासागरात त्यानंतर अकरा वर्षांच्या आत आणखी दोन जहाजांच्या होड्या अशाच गेल्या. तीन होड्या आणि तीन कप्तान. जो तो आपापल्या परीने वागला, आणि ज्याचं त्याला फळ मिळालं. त्या तिघांची ही गोष्ट.

आधी होडीचं महत्त्व सांगते, म्हणजे कुकवर उगाच अन्याय व्हायला नको. त्या काळी पॅसिफिकमधल्या बेटांवर धक्का वगैरे काही नव्हतं. जहाज खोल पाण्यात नांगरून पडायचं आणि पुढचं सगळं काम होडीनं. पिण्याच्या पाण्याची पिंपं आणायची, सरपण आणायचं, डुकरं-केळी-कंद आणायचे, पुढे जाऊन पाण्याची खोली मोजायची, वारा पडला तर वल्ही मारून जहाज ओढायचं. जहाज फुटलं तर जीव वाचवायलाही होडीच. इंग्लंडपासून अर्ध्या जगाच्या अंतरावर अशी होडी गेली तर दुसरी विकत कुठून आणणार? शिवाय कुकला त्या वर्षी परत उत्तरेच्या बर्फात जायचं होतं. तेव्हा "एका होडीपायी" हे आपण घरात बसून म्हणायचं!

आता पहिली होडी.

कुकची दोन जहाजं होती, 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी'. १७ जानेवारी १७७९ ला ती हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर केआलाकेकुआ नावाच्या छोट्या उपसागरात नांगरली. (आपल्याकडे त्याच सुमारास वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले होते. इतिहासाच्या बाईला असल्या तारखा जुळवल्याशिवाय चैन पडत नाही!) तेव्हा बेटावर माकाहिकीचा सण चालू होता. हा लोनो या देवाचा, सुगीचा, सुबत्तेचा सण. या दिवसांत लढाई बंद. नेमका त्याच वेळी आलेला हा पाहुणा, त्याला लोकांनी लोनो म्हणूनच हाक मारली. ते खरंच त्याला देव समजत होते की तो एक मान होता, यावर मार्शल सालिन्स आणि श्रीलंकेचे गणनाथ ओबेयसेकेरे या दोन मोठ्या अभ्यासकांचं १९९०च्या दशकात जोरदार भांडण झालं. आपण त्यात पडायला नको. मान मोठा होता एवढं नक्की.

२६ जानेवारीला बेटाचा राजा कालानिओपुऊ नावांच्या ताफ्यातून आला आणि अंगावरचा पिसांचा झगा काढून त्यानं स्वतःच्या हातांनी कुकच्या खांद्यावर घातला. लाल-पिवळ्या बारीक पिसांचा हा झगा म्हणजे तिथलं राजवस्त्र. अशी हजारो पिसं एकेक करून जाळीत गुंफायची. कुकनं त्याला सदरा आणि तलवार दिली. हा झगा न्यूझीलंडच्या संग्रहालयात होता, तो २०१६ मध्ये होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात परत आला. तर असा हा स्नेह. म्हाताऱ्या राजाचं हे आलिंगन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण पाहुणा कितीही मोठा असला तरी दोन जहाजांवरची सगळी तोंडं दोन-अडीच आठवडे जेवू घालायची म्हणजे काय, हे घरात चार पाहुणे आठ दिवस राहिले की आपल्याला कळतं. लेफ्टनंट जेम्स किंगनं लिहून ठेवलंय की शेवटी शेवटी लोक खलाशांच्या पोटावर थोपटून, बघा किती सुटलंय, आता निघा, असं हसत हसत सुचवायला लागले होते. ४ फेब्रुवारीला जहाजं निघाली. निरोप थाटात झाला.

आणि आठवड्यात परत आली! वादळात 'रेझोल्यूशन'ची पुढची डोलकाठी निकामी झाली, ती उतरवून किनाऱ्यावर दुरुस्त करणं भाग होतं. ११ फेब्रुवारीला जहाजं पुन्हा त्याच जागी. या वेळी नावांची गर्दी नाही, गाणी नाहीत. सण संपला होता, शिधा संपला होता, आणि थाटात निरोप दिलेला पाहुणा मोडकी काठी घेऊन पुन्हा दारात उभा होता.

१३ तारखेला काय झालं ते जरा सावकाश सांगते, कारण माझ्या मते होडीची चोरी खरी त्या दिवशी सुरू झाली.

'डिस्कव्हरी'वरच्या लोहाराची सांडशी कोणीतरी पळवली. त्या बेटांवर लोखंड बनत नव्हतं. त्यामुळे खिळा, सांडशी, छिन्नी यांची किंमत तिथे काय असेल ते समजून घ्या. चोर नावेतून किनाऱ्याकडे पळाला आणि एडगर नावाचा अधिकारी काही जणांना घेऊन मागे लागला. त्याच्याबरोबर जॉर्ज व्हँकूव्हर नावाचा एक पोरगेला अधिकारी होता. (पुढे ज्याच्या नावानं कॅनडातलं शहर झालं तोच. आपली कितीतरी मुलं आज तिथे आहेत.) सांडशी परत मिळाली. तिथं हा विषय मिटायला हरकत नव्हती. पण एडगरनं किनाऱ्यावरची एक नाव जप्त करायला घेतली, आणि ती नेमकी पालेआ या सरदाराची निघाली. पालेआ हा पहिल्या दिवसापासून इंग्रजांचा मित्र. तो आपली नाव सोडवायला आला, झटापट झाली, आणि एका खलाशानं त्याच्या डोक्यात वल्हं हाणलं. सगळ्या लोकांसमोर, सरदाराच्या डोक्यात.

लोक खवळले आणि दगडांचा पाऊस सुरू झाला. खलाशी पाण्यात पळाले, एडगर आणि व्हँकूव्हर मार खात अडकले. त्यांना वाचवलं कोणी? पालेआनंच. शुद्धीवर येताच त्यानं लोकांना आवरलं आणि होडी परत करून या दोघांना जाऊ दिलं. मागाहून व्हँकूव्हरची पडलेली टोपी घेऊन तो स्वतः त्यांच्यामागे आला आणि विचारलं, लोनो मला मारणार का? मी उद्या जहाजावर आलो तर चालेल का? त्यांनी चालेल म्हणून सांगितलं. तिथल्या रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून तो निघून गेला.

मला हा प्रसंग वाचून थांबावंसं वाटलं. डोक्यात वल्हं खाल्लेला माणूस टोपी परत करायला येतो आणि मी उद्या येऊ का म्हणून विचारतो. त्याला त्या संध्याकाळी कोणी बोलावून घेतलं असतं, चूक आमच्या माणसाची झाली म्हटलं असतं, तर? कुकनं तसं केलं नाही. किंगनं नोंदवलंय की कुकला त्या संध्याकाळी वेगळीच काळजी होती. आपण नमलो असं या लोकांना वाटता कामा नये, आता जबरदस्ती करावी लागणार, असं तो म्हणाला. पहारेकऱ्यांना छर्‍यांऐवजी गोळ्या भरायला सांगितल्या.

त्या रात्री 'डिस्कव्हरी'ची मोठी होडी गेली. इंग्रज तिला कटर म्हणत. ती जहाजाजवळच्या बोयाला बांधून मुद्दाम पाण्यानं भरून ठेवलेली होती. लाकडी बादली उन्हात राहिली की फटी पडतात आणि पाण्यात बुडवली की फळ्या फुगून सांधे बसतात, तसंच होडीचं. पण पाण्यानं भरलेल्या होडीत राखणीला कोण बसणार? पहाटे पाहिलं तर दोर कापलेला आणि होडी गायब.

'डिस्कव्हरी'चा कप्तान चार्ल्स क्लार्क क्षयानं खंगलेला होता. तो तसाच कुककडे गेला आणि बातमी सांगितली. आता काय करायचं?

कुकला विचार करावा लागला नाही, हेच तर दुर्दैव. त्याच्याकडे उपाय तयार होता. दहा वर्षांत बेटाबेटांवर वापरून पक्का झालेला.

१७६९ मध्ये ताहितीला भट्टीतले निखारे ओढायची लोखंडी सळई चोरीला गेली, तेव्हा कुकनं बंदरातल्या वीसेक नावा माशांसकट जप्त केल्या. त्याच्याबरोबरच्या जोसेफ बँक्सनं तेव्हाच आपल्या रोजनिशीत नापसंती लिहिली, की ज्यांचा चोरीशी संबंध नाही त्यांच्या नावा धरण्यात काय न्याय? पुढे तिथंच दोन शिपाई पळाले, तर कुकनं सरदारांना जहाजावर अडकवून ठेवलं. शिपाई परत आले. १७७७ च्या ऑक्टोबरात मोओरिआ बेटावर एक शेळी गेली, तर त्यानं बेटभर फिरून घरं आणि नावा जाळल्या. शेळी परत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राइआतेआला दोन जण पळाले, तेव्हा तिथल्या प्रमुखाची मुलगी, मुलगा आणि जावई यांना बोलावून जहाजावर कोंडलं. पळालेले परत आले.

बघा, प्रत्येक वेळी वस्तू किंवा माणूस परत आला! उपाय लागू पडत होता. चोर सापडत नसेल तर मोठ्या माणसाला धरा, त्याचे लोक चोराला शोधून आणतील. आपल्याकडे "चोर सोडून संन्याशाला सुळी" म्हणतात. कुकनं तिचीच युक्ती केली होती.

ओलीस ठेवणं हा त्या काळचा सगळीकडचा रिवाज होता, हेही सांगायला हवं. वर वडगावचं नाव आलंच आहे. तिथेही इंग्रजांचे फार्मर आणि स्ट्युअर्ट असे दोघे ओलीस म्हणून मराठ्यांकडे राहिले होते. (हा स्ट्युअर्ट वेगळा. आपला इष्टुर फाकडा त्याआधीच कार्ल्याजवळ पडला होता.) पण ते ओलीस तहात ठरवून दिलेले. दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं, लेखी. आणि पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानालाच फसवून धरून न्यायचं? दोन्हीला शब्द एकच असला तरी गोष्ट एक नाही.

१४ फेब्रुवारीची सकाळ. कुकनं आधी सशस्त्र होड्या पाठवून उपसागराचं तोंड अडवलं, एकही नाव बाहेर जाऊ द्यायची नाही म्हणून. किंग त्याला भेटायला आला तेव्हा कुक दुनळी बंदूक भरत होता. एका नळीत छर्रे, एकीत गोळी. मग लेफ्टनंट फिलिप्स आणि नऊ शिपाई घेऊन तो काआवालोआ गावात उतरला. लोकांनी नेहमीप्रमाणे लोटांगण घातलं. राजा झोपला होता, त्याला उठवलं. दोन शब्द बोलताच कुकची खात्री झाली की म्हाताऱ्याला या चोरीचं काहीही माहीत नाही. फिलिप्सनं ही गोष्ट पुढे सांगितलेली आहे.

इथं परत फिरता आलं असतं की नाही? समोरचा माणूस निर्दोष आहे हे कळलं होतं. पण उपायाला चोराची गरज नव्हती, राजाचीच होती. जहाजावर चला, असं कुकनं म्हटलं. राजा लगेच तयार झाला, कारण त्याच्या लेखी हा तर मित्र. त्याचा एक मुलगा आनंदानं पुढे जाऊन होडीत बसलासुद्धा.

किनारा जवळ आला आणि राणी कानेकापोलेइ रडत आडवी आली, जाऊ नका म्हणाली. दोन सरदारांनी राजाला खाली बसवलं. राजा घाबरून गेला. भोवती हजारोंची गर्दी. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं बातमी आली की नाकेबंदीवरच्या होडीतून गोळी सुटली आणि कालिमू नावाचा सरदार ठार झाला. बायका-मुलं मागे गेली, पुरुषांनी लढाईच्या जाड चटया अंगाला गुंडाळल्या. आता कुकनं राजाचा नाद सोडला आणि तो पाण्याकडे चालू लागला. पण एकानं त्याच्यावर हत्यार उगारलं, कुकनं छर्रे झाडले, ते चटईत अडकले. लोकांना वाटलं, एवढंच? मग त्यानं गोळी झाडली, एक जण पडला, आणि मग सगळंच हाताबाहेर गेलं. पाण्याच्या कडेला कुकला मागून सोट्याचा तडाखा बसला आणि मग सुरा. तो सुराही लोखंडी. जहाजावरच्या लोहारांनीच बेटावरच्या लाकडी सुऱ्याचा नमुना बघून, डुकरांच्या बदल्यात द्यायला असले सुरे घडवले होते. कुकबरोबर चार शिपाई मेले आणि बेटावरचेही पुष्कळ लोक, त्यांत सरदारही.

पुढचे आठ दिवस दोन्हीकडून वाईट गेले. पाणी भरायला गेलेल्या खलाशांनी गाव जाळलं, माणसं मारली. आजारी क्लार्कनं मात्र मोठा सूड घ्यायचं टाळलं, डोलकाठी मिळवली, बोलणी करून कुकच्या अस्थी मिळवल्या आणि त्या समुद्रात सोडल्या. अस्थी घेऊन आलेल्या सरदाराला होडीबद्दलही विचारलं. 'डिस्कव्हरी'वरचा डॉक्टर सॅमवेल यानं उत्तर लिहून ठेवलंय: होडी पालेआच्या माणसांनी नेली, बहुधा त्या वल्ह्याच्या फटक्याचा राग म्हणून, आणि ती दुसऱ्या दिवशी मोडूनही टाकली होती.

म्हणजे ज्या होडीसाठी राजाला धरायचं चाललं होतं, ती परत मिळण्यासारखी उरलीच नव्हती. राजाला नेलं असतं तरी त्यानं द्यायचं काय?

दुसरी होडी दहा वर्षांनंतरची. कुकच्या 'रेझोल्यूशन'वर विल्यम ब्लाय नावाचा अधिकारी होता. कुक मेला त्या दिवशी तो त्याच बंदरात होता. हाच पुढे 'बाऊंटी'चा कप्तान झाला. विलायती फणसाची रोपं नेण्यासाठी 'बाऊंटी' १७८८ च्या ऑक्टोबरापासून ताहितीला मुक्काम ठोकून होती. ५ जानेवारी १७८९ ला पहाटे पाहिलं तर छोटी होडी नाही! पण या वेळी चोर बेटावरचे नव्हते. चर्चिल, मस्प्रॅट आणि मिलवर्ड हे ब्लायचेच तीन खलाशी हत्यारांसह होडी घेऊन पळाले होते, आणि पहाऱ्यावरचा अधिकारी झोपला होता.

ती होडी परत कशी आली माहीत आहे? ताहितीची पाच माणसं ती आपणहून जहाजाकडे घेऊन येत होती. ब्लायनं त्यांना बक्षीस दिलं. पळालेल्यांसाठी त्यानं इथे कुकचा उपाय वापरला नाही. सरदारांना न कोंडता त्यांच्याच मदतीनं शोध घेतला, आणि तीन आठवड्यांच्या आत तिघे सापडले. दोन-अडीच महिने देणंघेणं, जेवणंखाणं चाललेलं, माणसं नावानिशी ओळखीची झालेली. बिनचोरीची होडी परत द्यायला लोकांना एवढं कारण पुरलं.

ब्लाय शहाणा झाला होता असं म्हणावं, तर एप्रिलात नोमुका बेटावर एक छोटा नांगर चोरीला गेला तेव्हा यानंही सरदारांना जहाजावर अडकवलं! गुरूची विद्या. सूर्यास्तापर्यंत ठेवलं, नांगर आला नाही, शेवटी भेटी देऊन सोडलं. आणि दोनच दिवसांनी, २८ एप्रिलला, त्याच्याच लोकांनी बंड करून त्याला अठरा जणांसह २३ फुटी होडीत बसवून सोडून दिलं. त्या उघड्या होडीतून ४७ दिवसांनी तो तिमोरला पोचला. जहाजाची होडी म्हणजे काय चीज असते ते त्याच्याइतकं कोणाला कळलं नसेल.

तिसरी होडी सांगताना मन घट्ट करावं लागतं. १७९० साल. सायमन मेटकाफ हा अमेरिकन कप्तान 'एलिनोरा' हे व्यापारी जहाज घेऊन हवाईत आला. कामेएइआमोकू नावाच्या एका मोठ्या सरदाराला त्यानं कुठल्याशा कारणावरून दोराच्या टोकानं फटकावलं आणि पुढे माउई बेटावर गेला. तिथं रात्री त्याची होडी गेली आणि तिच्यात राखणीला असलेला खलाशी मारला गेला. होडी मोडून तिचं लोखंड काढून घेतलं गेलं. इथे चोरीबरोबर खूनही होता, राग येणं रास्तच. पण मेटकाफनं काय केलं? तो ओलोवालू गावासमोर गेला आणि देवघेव करायला या असं भासवून लोकांना नावांतून जहाजाजवळ येऊ दिलं. नावा एका बाजूला गोळा झाल्यावर तोफा डागल्या. शंभराच्या आसपास माणसं मेली. केळी-कंद विकायला आलेली माणसं.

आणि तो दोराचा फटका? कामेएइआमोकूनं मनाशी ठरवलं होतं की यापुढे जे पहिलं गोरं जहाज हाती लागेल त्याच्यावर सूड घ्यायचा. थोड्याच दिवसांत 'फेअर अमेरिकन' ही छोटी बोट आली. ती त्यानं घेतली, आणि आयझॅक डेव्हिस हा एक जण सोडून सगळ्यांना मारलं. तिचा तरुण कप्तान होता थॉमस मेटकाफ. सायमनचाच मुलगा! सरदाराला ते माहीत नव्हतं आणि बापालाही कळलं नाही. तो आपल्या जॉन यंग नावाच्या माणसाची वाट बघून, मुलगा गेल्याचं न समजताच निघून गेला. यंगला कामेहामेहानं ठेवून घेतलं होतं. पुढे हेच यंग आणि डेव्हिस त्याचे सल्लागार झाले, त्या बोटीवरची तोफही त्याच्याकडे आली, आणि १८१० पर्यंत कामेहामेहा सगळ्या बेटांचा एकछत्री राजा झाला. कुठली होडी आणि कुठलं राज्य!

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत होडी आणि बोट गेली ती लोखंडासाठी, हे खरंच. पण दोन्हींच्या अलीकडे एक फटका आहे. एकदा वल्ह्याचा, एकदा दोराचा. दोन्ही वेळा सरदाराला, आणि दोन्ही वेळा कप्तानाच्या हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नाही. वहीत नोंद होते ती फक्त गेलेल्या वस्तूची. सांडशी एक, होडी एक. आपण काय घेतलं, कोणाची नाव ओढली, कोणाच्या डोक्यात मारलं, हे त्या वहीत येतच नाही. मग सकाळी होडी दिसली नाही की वाटतं, हे आत्ताच, विनाकारण घडलं.

शिक्षकांच्या खोलीत पस्तीस वर्षं बसल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. एका शाळेत एका मुलाची कंपासपेटी गेली म्हणून एका गुरुजींनी आख्खा वर्ग सुटल्यावर दीड तास उभा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पेटी खिडकीत मिळाली. गुरुजी खूश, "बघा, अशी येते पेटी!" पेटी आली हे खरं. पण ज्याची होती त्या मुलाशी वर्गानं पुढे कित्येक दिवस बोलणं टाकलं, आणि पेटी कोणी का घेतली होती हे कधीच कोणी विचारलं नाही. उपाय लागू पडला की माणूस प्रश्न विचारायचं सोडून देतो. मोओरिआची शेळी परत आली नसती, तर कुक कदाचित केआलाकेकुआला वाचला असता, असं मला राहून राहून वाटतं.

कुक काही दुष्ट माणूस नव्हता. शेतमजुराचा मुलगा, स्वतःच्या अकलेनं वर आलेला, खलाशांच्या तब्येतीची काळजी घेणारा. मेटकाफच्या रांगेत त्याला बसवणं बरोबर नाही. म्हणून तर त्याचं जास्त वाईट वाटतं. पन्नाशीचा, जग बघितलेला माणूस, आणि त्याला त्या सकाळी दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हा होडी गेली तर काय करावं? मला विचाराल तर, आधी पहारा नीट लावावा, म्हणजे जाणार नाही. गेलीच, तर ती किती मोलाची आहे आणि ती परत मिळवायला आपण काय पणाला लावतोय याचा हिशेब करावा. 'रेझोल्यूशन'वर सुतार होते, बेटावर लाकूड होतं, नवी होडी बांधणं जिकिरीचं असलं तरी अशक्य नव्हतं. आणि सगळ्यात आधी, म्हणजे बंदूक भरायच्याही आधी, काल संध्याकाळी काय झालं होतं ते आठवून बघावं. टोपी परत करायला कोण आलं होतं, त्यानं काय विचारलं होतं, आणि आपण त्याला काय सांगितलं होतं.

असो. लेख लांबला. आता पुढचं पुस्तक व्हँकूव्हरचं घ्यावं म्हणते. त्याला आयुष्यभर ती टोपी आठवली असेल का, ते बघायचंय.